तिसरा डबा

घरातला कचरा दोन डब्यांत वेगळा करायची सवय महाराष्ट्रातल्या शहरांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निदान अर्धीमुर्धी तरी लावून घेतली आहे. भाजीची देठं, खरकटं, चहाचा चोथा एका डब्यात. कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या दुसऱ्यात. कुचराई होते, पण काय करायला हवं हे बहुतेकांना ठाऊक असतं. ८ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मात्र घराघरात आणखी एक वर्ग वेगळा ठेवायला सांगितला होता, तो म्हणजे घरगुती घातक कचरा. त्यात काय येतं याची यादीही नियमांतच होती: रंगाचे आणि कीटकनाशकांचे रिकामे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, इंजेक्शनच्या सुया आणि सिरिंज. २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी वर्गवारी आणखी बारीक केली आणि ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले. कायदा इतका स्पष्ट असूनही हा डबा फार थोड्या घरांत दिसतो. या वस्तू एकतर माळ्यावर आणि ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात, नाहीतर एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत सरळ सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत जातात. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. हा डबा पहिल्या दोन डब्यांना जोडलेली जास्तीची शिस्त आहे असं आपण समजतो आणि म्हणून तो ‘पुढं बघू’च्या यादीत टाकतो. प्रत्यक्षात ओल्या कचऱ्याचं खत आणि सुक्या कचऱ्याचा पुनर्वापर हे दोन्ही या तिसऱ्या डब्यावर उभे आहेत. तो नसेल तर पहिल्या दोन डब्यांत घातलेली मेहनत मोठ्या प्रमाणात वाया जाते.

पाऱ्यापासून सुरुवात करू, कारण तिथला हिशेब कागदावर मांडता येतो. एका सीएफएल दिव्यात साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे दिव्याच्या शे-दोनशे पट. दवाखान्यांत आणि काही घरांत असणाऱ्या पाऱ्याच्या बीपी यंत्रात तर शंभर ग्रॅमच्या आसपास. आता हे आकडे खताच्या मापाशी ताडून पाहा. शहरी कचऱ्यापासून केलेलं कंपोस्ट शेतकऱ्याला विकायचं असेल तर ते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातल्या मर्यादेत बसावं लागतं. त्यात किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारा फक्त ०.१५ मिलिग्रॅम चालतो. एक सीएफएल ओल्या कचऱ्यात फुटला आणि त्यातला तीन मिलिग्रॅम पारा खतात उतरला, तर वीस किलो खत मर्यादेला टेकतं. अर्ध्या ग्रॅमच्या थर्मामीटरचा हिशेब केला तर आकडा सव्वातीन टनांच्या पुढे जातो. ओला कचरा कुजताना त्याचं वजन बरंच घटतं, त्यामुळे एवढ्या खतामागे त्याच्या कितीतरी पट ओला कचरा गोळा केलेला असतो. शेकडो घरांनी रोज सकाळी निगुतीनं वेगळी काढलेली देठं आणि सालं एका घरातल्या एका फुटक्या थर्मामीटरनं निकामी होऊ शकतात. शहरी कंपोस्ट घ्यायला शेतकरी बिचकतात याची कारणं अनेक आहेत, खतात सापडणाऱ्या काचा आणि प्लास्टिकचे तुकडे त्यांत आहेतच. पण जड धातूंची शंका ही त्यातली सर्वांत रास्त शंका आहे, कारण काच चाळणीनं काढता येते, पारा आणि शिसं खतातून परत काढायची कोणतीही परवडणारी युक्ती नाही. जे मिसळल्यावर वेगळं होत नाही ते मिसळण्याआधीच वेगळं ठेवावं लागतं, आणि ती जागा घर हीच आहे.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो आणि तो टाकाऊ नाही. घरगुती घातक कचऱ्याचं प्रमाण एकूण कचऱ्यात एक टक्क्याच्या आतबाहेर असतं. पुण्यासारख्या शहरात रोज दोन हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. त्या डोंगरात दोन-चार सेल आणि एखादा दिवा मोजायचा कशाला? शिवाय फुटलेल्या दिव्यातला सगळा पारा खतात उतरतोच असंही नाही, काही वाफ होऊन उडून जातो. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण विषाचं मोजमाप वजनावरून होत नाही, ते किती पातळ केलं म्हणजे निरुपद्रवी होतं यावरून होतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. तीन मिलिग्रॅम पारा या मर्यादेपर्यंत पातळ करायला तीन हजार लिटर पाणी लागेल, थर्मामीटरमधल्या अर्ध्या ग्रॅमला पाच लाख लिटर. उडून गेलेली वाफही कुठंतरी जातेच: आधी गाडीवरच्या कामगाराच्या श्वासात, मग हवेतून पावसाबरोबर तळ्यांत आणि खाडीत. पाण्याच्या तळाशी गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांत साठतो आणि मासा खाणाऱ्याच्या मज्जासंस्थेवर घाला घालतो. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे ओळखला गेला. तिथं पारा कारखान्यातून समुद्रात सोडला जात होता, प्रमाणही प्रचंड होतं, त्यामुळे घरातल्या दिव्याशी त्याची थेट बरोबरी करणं चुकीचं ठरेल. पण त्या गावाच्या नावानं झालेला आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे, भारतानं तो जून २०१८ मध्ये मान्य केला, आणि त्या करारात कारखान्यांबरोबर थर्मामीटर, दिवे आणि बॅटऱ्याही आहेत. पाऱ्याचे छोटे साठेच जगभर कोट्यवधींच्या संख्येनं विखुरलेले आहेत, आणि विखुरलेल्या गोष्टीच गोळा करायला अवघड असतात.

कचरा डेपोवर गेल्यावर काय होतं तेही पाहायला हवं. ओला कचरा हवेशिवाय कुजला की आम्लं तयार होतात. ती पावसाच्या पाण्यात मिसळून ढिगातून खाली झिरपतात आणि वाटेत सेलच्या पत्र्यातलं, रंगातलं, सर्किटच्या झाळणीतलं शिसं, निकेल, कॅडमियम विरघळवत नेतात. हे काळं पाणी खाली प्लास्टिकचं अस्तर नसेल तर थेट भूजलात उतरतं. आपले जुने डेपो बिनअस्तराचेच होते. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर मुंबईचा कचरा १९२७ पासून पडतो आहे. त्या काळी अस्तर ही कल्पनाच नव्हती. पुण्याचा कचरा कित्येक दशकं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. विहिरींचं पाणी नासलं म्हणून त्या गावांनी वर्षानुवर्षं गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. शहरातल्या माणसाच्या दृष्टीनं कचरा दारातून गेला की संपला. उरुळी-फुरसुंगीच्या माणसाच्या दृष्टीनं तो तिथून सुरू झाला. ज्या विहिरीत आपला सेल विरघळतो ती आपली नसते, या एका गोष्टीमुळे हा प्रश्न इतकी वर्षं मागे राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

विहिरीच्याही आधी हा कचरा माणसाच्या हाताखालून जातो. आपल्याकडे सुक्या कचऱ्याचा पुनर्वापर यंत्रं करत नाहीत, कचरावेचक करतात, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांसारख्यांचं पाठबळ तिला मिळालं, आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिच्या तीन हजारांहून अधिक सदस्य आज दारोदार जाऊन कचरा घेतात आणि शेडमध्ये बसून हातानं वेगळा करतात. आता अशा शेडमध्ये पिशवी उघडताना काय घडतं याचा विचार करा. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं दाखवलं. त्यातले अनेक जण घरी रोज इन्सुलिन टोचून घेतात आणि सुई बहुतेक वेळा सुक्या कचऱ्यातच जाते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, आणि लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत असू शकते. सुई कुणाच्या घरातली, त्या घरात कोणाला काय आजार, हे टोचलेल्या बाईला कधीच कळत नाही. दुसरा धोका वासावरून ओळखू येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. संडास साफ करायचं ॲसिड उरलेली बाटली आणि ब्लीचिंग पावडरची फाटकी पिशवी एकाच गाडीत पडली, दोन्ही सांडून एकत्र आलं, तर क्लोरिन वायू सुटतो. उंदीर मारायच्या औषधातलं झिंक फॉस्फाइड ओल्या, आंबट खरकट्यात मिसळलं तर फॉस्फिन सुटतो. घरात या गोष्टी वेगवेगळ्या फडताळांत सुरक्षित असतात; त्यांची गाठ पडते ती गाडीत आणि शेडमध्ये. पुण्यातल्या कचरावेचक बायांनी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा अशी विनंती घराघरांत पोहोचवली, ती याच कारणानं. ठिपका काढायला दोन सेकंद लागतात, आणि समोरच्या हाताला आधीच कळतं की हे उघडायचं नाही.

दुसरा आक्षेप भंगारवाल्याच्या नावानं घेतला जातो, आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. म्हणतात, आपल्याकडे सरकारी व्यवस्थेपेक्षा भंगाराचा बाजार जास्त कार्यक्षम आहे. इन्व्हर्टरची बॅटरी कोणी फेकून देत नाही, ती वजनावर विकली जाते. जुना मोबाइल, पंख्याची मोटर, वायर, सगळ्याला भाव आहे. मग वेगळ्या व्यवस्थेचा घाट कशाला? यातली पहिली अर्धी गोष्ट मी पूर्ण मान्य करतो. भंगारवाले आणि रद्दीवाले नसते तर आपली शहरं केव्हाच कचऱ्याखाली गाडली गेली असती, आणि त्यांच्या पोटावर पाय देणारी कोणतीही योजना माझ्या मते अन्यायाचीही आहे आणि फसणारीही. पण बाजार फक्त विकाऊ भाग उचलतो आणि उरलेला टाकून देतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं निम्म्याहून अधिक वजन शिशाचं असतं, त्यासाठी तिला भाव. तिच्यातलं गंधकाम्ल मात्र कोणाला नको असतं, ते बेकायदा अड्ड्यावर गटारात किंवा जमिनीत ओततात. प्लेटा उघड्या भट्टीत वितळवल्या जातात, शिशाचा धूर आणि राख आसपासच्या अंगणात, पाण्यात, मुलांच्या हातांवर बसते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेच्या २०२० च्या अहवालानं जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे जवळजवळ ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं असल्याचा अंदाज मांडला. त्यात भारतातली मुलं २७ कोटींच्या वर होती. बॅटऱ्या अशा रीतीनं फोडणं आणि वितळवणं हे अहवालानं त्यामागचं एक प्रमुख कारण सांगितलं. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. वायरचंही तेच. तांबं काढायला पीव्हीसीचं वेष्टण जाळलं की त्यातल्या क्लोरिनपासून डायॉक्सिन तयार होतात, आणि तांबंच त्या क्रियेला वेग देतं. म्हणजे चांगला भाव मिळाला याचा अर्थ वस्तूची चांगली विल्हेवाट लागली असा होत नाही. मार्ग सोपा आहे: कागद, पुठ्ठा, पत्रा, भांडी, प्लास्टिक खुशाल भंगारवाल्याला द्या, त्याचा तो हक्काचा धंदा आहे, इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी मात्र नवी घेताना दुकानदारालाच परत द्या. तो तिची किंमत वजा करून देतो, आणि जुनी बॅटरी परत घेऊन नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांपासून विक्रीसाखळीवर आहे.

लिथियमच्या बॅटऱ्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत या यादीत वेगळाच धोका आणला. त्या मोबाइल, इअरफोन, ट्रिमर, खेळणी, पॉवर बँक, ई-सिगारेट अशा कशातही असतात. अशी बॅटरी चेपली किंवा भोसकली गेली की आतले दोन थर एकमेकांना भिडतात, ती तापत जाते आणि पेट घेते. पेटल्यावर स्वतःच स्वतःला आणखी तापवते. कॉम्पॅक्टरची गाडी कचरा दाबण्यासाठीच बनवलेली असते. कोरडा कागद, प्लास्टिक आणि त्यात दाबली गेलेली फुगलेली बॅटरी, असा तो मामला असतो. जगभरच्या कचरागाड्यांत आणि पुनर्वापर केंद्रांत लागणाऱ्या आगींमागे या बॅटऱ्या आता नेहमीचं कारण बनल्या आहेत. इथं एक फरक सांगायला हवा, कारण सगळ्याच गोष्टींना सारखंच घातक म्हटलं की वाचक कंटाळतो आणि सगळंच सोडून देतो. घड्याळातले, रिमोटमधले साधे पेन्सिल सेल आता बहुतेक पाराविरहित असतात; ते वेगळे ठेवावेत, पण त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. नाण्याएवढे चपटे बटण सेल मात्र फार जपून ठेवावे लागतात. लिथियमचा मोठा बटण सेल लहान मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करतो. वापरून संपलेल्या सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते. तेव्हा तिसरा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, झाकण घट्ट असलेला हवा, आणि बटण सेल किंवा लिथियमची बॅटरी त्यात टाकताना टोकांवर चिकटपट्टी लावलेली असावी.

औषधांच्या बाबतीत लोकांना खरा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर एकाच वाक्यात देता येत नाही. मुदत संपलेल्या गोळ्या संडासात ओतून पाणी सोडावं असं घरोघरी सांगितलं जातं. प्रतिजैविकांच्या बाबतीत हा सल्ला वाईट आहे. सांडपाण्याच्या प्रकल्पात ही औषधं पुरती नष्ट होत नाहीत, नदीत थोड्या-थोड्या मात्रेत पोहोचतात, आणि कमी मात्रेत जगून राहिलेले जिवाणू औषधाला दाद न देणारे बनत जातात. पण केंद्रीय औषध नियंत्रक संस्थेनं २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात १७ औषधांची एक वेगळी यादी आहे, ती मात्र संडासातच सोडावीत असं तिथं सांगितलं आहे. त्यात ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामकं आणि डायझेपाम आहेत. ही घरात किंवा कचऱ्यात दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर एका मात्रेतही जीव जाऊ शकतो, म्हणून पाण्यातला थोडा धोका पत्करून घरातला मोठा टाळायचा, असा त्यामागचा विचार आहे. बाकीची औषधं परत घेण्याची सोय हवी. फ्रान्समध्ये १९९३ पासून औषधाच्या दुकानांतून ती परत घेतली जातात. केरळनं २०२५ च्या सुरुवातीला कोळिकोडमध्ये घरोघरची न वापरलेली औषधं गोळा करायचा प्रयोग हाती घेतला. महाराष्ट्रात औषधांच्या दुकानांचं जाळं खेड्यापाड्यांपर्यंत आहे. प्रत्येक दुकानात एक कुलूपबंद पेटी ठेवणं हे आपल्याला न पेलणारं काम मुळीच नाही.

इथंच तिसरा आक्षेप उभा राहतो: जबाबदारी नागरिकाची कशाला, ज्यानं वस्तू बनवली त्याची का नाही? तत्त्व म्हणून हे बरोबर आहे आणि कायद्यानंही ते मान्य केलं आहे. बॅटऱ्यांसाठी ऑगस्ट २०२२ चे नियम आणि ई-कचऱ्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम, दोन्ही उत्पादकावर वस्तू परत गोळा करून पुनर्वापराला देण्याचं बंधन घालतात. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, ते त्यासाठीच. पण उत्पादकाची साखळी कितीही लांब केली तरी तिचा पहिला दुवा घरातच राहतो. ड्रॉवरमधला सेल कंपनीला दिसत नाही. कारखान्यांचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात औद्योगिक घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथं अस्तर घातलेली सुरक्षित भूभरणं आणि भट्ट्या आहेत. कारखान्यातून थिनरचा गाळ निघाला तर त्याची नोंद होते, वाहतुकीचा कागद बनतो, तो कुठं पोहोचला ते कळतं. तेच थिनर, तोच रंग एखाद्या बंगल्याच्या रंगकामानंतर उरला की त्याच्यावर कुणाची नोंद नाही, कुणाची सही नाही. रसायन तेच, धोका तोच, फक्त पत्ता बदलला. मग घराच्या पत्त्यावरच्या विषाला त्या सुरक्षित जागेपर्यंत पोहोचवणारा रस्ता कुणीतरी बांधायला हवा, आणि तो उत्पादक, महापालिका व नागरिक या तिघांनी मिळूनच बांधावा लागेल.

सर्वांत वारंवार ऐकू येणारा आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्यात लोकांचा संताप आहे आणि तो संताप मला रास्त वाटतो: आम्ही वेगळं करतो, पण घंटागाडीत सगळं एकत्रच पडतं. अनेक ठिकाणी हे खरं आहे, आणि त्यावर नागरिकांनाच उपदेश करणं अन्यायाचं आहे. मात्र तिसऱ्या डब्याच्या बाबतीत हा आक्षेप सर्वांत कमी लागू पडतो. ओला कचरा रोज काढावा लागतो, तो सडतो, माश्या होतात, म्हणून आपण घंटागाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले असतो. सेल सडत नाही, ट्यूब वास मारत नाही. चौघांच्या घरातला वर्षभराचा घातक कचरा, मोठ्या बॅटऱ्या आणि लांब ट्यूबलाइट सोडल्या तर, बुटाच्या खोक्यात मावेल. तो सहा महिने घरात राहिला तरी बिघडत नाही, फक्त जपून ठेवायला हवा. म्हणजे ज्या अल्प प्रमाणामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करा असं म्हटलं जातं, त्याच अल्प प्रमाणामुळे तो सांभाळणंही स्वस्त आणि सोपं होतं. २०१६ च्या नियमांनी हेच ओळखून रोजच्या गाडीऐवजी जमा केंद्रं सांगितली: दर वीस चौरस किलोमीटरला किमान एक, आणि त्याच्या वेळा जाहीर केलेल्या. पुण्याची हद्द २०२१ मध्ये २३ गावं आल्यावर पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. त्या हिशेबानं पंचवीसेक केंद्रं लागतात. पंचवीस कुलूपबंद खोल्या, फडताळं, एक प्रशिक्षित माणूस आणि महिन्यातून एकदा तळोजा किंवा रांजणगावकडे जाणारी गाडी, हा कोणत्याही महापालिकेला न झेपणारा खर्च नाही. मुंबई महापालिकेनं २०२५ मध्ये नोंदणी केलेल्या सोसायट्या, वसतिगृहं आणि ब्यूटी पार्लरमधून सॅनिटरी पॅड, डायपर आणि मुदत संपलेली औषधं वेगळी उचलायला सुरुवात केली. इच्छा असली की व्यवस्था बसवता येते.

केंद्र उभं राहीपर्यंत घरात काय करायचं, ते या प्रकरणात सांगायलाच हवं. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ असं लिहा, आणि तपासणीला जाल तेव्हा दवाखान्यात विचारून तिथं द्या; दवाखान्यांचा असा कचरा निर्जंतुक करून नष्ट करण्याची वेगळी व्यवस्था आहे, आणि अंगणात पेटवलेली शेकोटी तिची जागा घेऊ शकत नाही. थर्मामीटर फुटला तर आधी खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि खोली दहा-पंधरा मिनिटं रिकामी सोडा. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, कारण सोन्याला पारा चिकटून बसतो. केरसुणी मुळीच वापरू नका, तिनं गोळे फुटून बारीक होतात आणि फटींत शिरतात. दोन जाड कागदांनी गोळे एकत्र लोटा, ड्रॉपरनं उचला, उरलेले कण चिकटपट्टीवर टिपा आणि सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करा. पारा मोरीत ओतू नका, तो सापळ्यात साचून महिनोन्महिने वाफ सोडत राहतो. फुटलेल्या सीएफएलसाठी आणि ट्यूबसाठी हीच रीत. न फुटलेली ट्यूब ज्या पुठ्ठ्याच्या नळीत आली तिच्यातच परत घाला. उरलेला ऑइल पेंट भुश्यात किंवा वाळूत कालवून उघड्यावर सुकवा आणि डबा तिसऱ्या डब्याबरोबर ठेवा. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी पाणी, तेल किंवा धान्य भरायला वापरू नका आणि कोणाला देऊही नका.

आपल्या देशात कचऱ्याचे नियम आले ते नागरिकांनी रेटा लावला म्हणून. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली नसती तर २००० सालचे पहिले घनकचरा नियमही इतक्या लवकर आले नसते. आज नियम आहेत, ते राबवून घेणं बाकी आहे. तेव्हा आपल्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारा की घातक कचऱ्याचं सर्वांत जवळचं जमा केंद्र कुठं आहे, ते कोणत्या वारी आणि किती वाजता उघडं असतं, आणि तिथं जमा झालेला माल पुढे कोणत्या सुविधेकडे जातो. लेखी उत्तर मागा, आणि सोसायटीच्या सूचना फलकावर ते लावा. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा, शेजारच्या चार सोसायट्यांच्या सह्या घेऊन विचारा. तोपर्यंत झाकणाचा एक डबा आजच काढून ठेवा.